शंभर गोलांचा हिशेब : जॉन कोलमनचा १९४९चा मोसम

२ ऑक्टोबर १९४८. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना संपला तेव्हाचे आकडे असे होते : एसेंडन ७.२७ (६९), मेलबर्न १०.९ (६९). अंतिम सामना बरोबरीत सुटण्याची लीगच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

हे आकडे वाचायचे कसे, ते आधी सांगायला हवं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या मैदानाला दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायानं मारलेला चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण. त्यांच्या बाजूच्या फटींतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एकच गुण. गुणफलकावर आधी गोल, मग बिहाइंड आणि कंसात एकूण गुण लिहितात. म्हणजे त्या शनिवारी एसेंडननं ३४ वेळा चेंडू खांबांपर्यंत नेला आणि त्यातले फक्त सात मधल्या खांबांतून गेले. मेलबर्ननं १९ वेळा नेला आणि दहा गोल केले. आठवड्यानं सामना पुन्हा खेळवला गेला, तेव्हा एसेंडनचा धीर संपलेला दिसतो : मेलबर्न १३.११ (८९), एसेंडन ७.८ (५०).

आणि हे सलग दुसरं वर्ष होतं. १९४७च्या अंतिम सामन्यात कार्लटननं एसेंडनला एका गुणानं हरवलं होतं. शेवटच्या काही सेकंदांत फ्रेड स्टॅफर्डनं मारलेल्या गोलानं १३.८ (८६) विरुद्ध ११.१९ (८५) असा निकाल लागला. तिथंही संधी एसेंडनच्याच जास्त होत्या, ३० विरुद्ध २१. दोन्ही वर्षांचे हे दोन सामने एकत्र मांडले तर एसेंडनचे १८ गोल आणि ४६ बिहाइंड होतात, प्रतिस्पर्ध्यांचे २३ गोल आणि १७ बिहाइंड. एकूण गुण १५४ आणि १५५. चेंडू ६४ वेळा टोकापर्यंत नेणारा संघ ४० वेळा नेणाऱ्यांपेक्षा एका गुणानं मागे राहिला.

पुढच्या वर्षी एक वीस वर्षांचा पोरगा एसेंडनच्या काळ्या-लाल जर्सीत उतरला आणि त्यानं शंभर गोल केले. त्या मोसमाबद्दल गेल्या पाऊणशे वर्षांत इतकं लिहिलं गेलंय की मूळ कागद आणि नंतरची आठवण एकमेकांत मिसळून गेली आहेत. ती वेगळी करून पाहावीत, एवढ्यासाठी हा लेख. माझं म्हणणं असं : एसेंडनच्या समर्थकांनी जॉन कोलमनला जे मोल दिलं, ते नुसत्या शंभरच्या आकड्यावरून कळत नाही. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत त्यांच्या हातातोंडाशी येऊन निसटलेले ते ४६ बिहाइंड शेजारी ठेवले, तरच कळतं.

पुराव्याची स्थिती काय आहे? मेलबर्नमध्ये टेलिव्हिजन आलं १९५६मध्ये. म्हणजे कोलमनचा संपूर्ण खेळाडू-काळ टेलिव्हिजनच्या आधीचा. रेडिओवर सामने ऐकवले जात, पण आवाज हवेत विरून जातो. उरतात ते कागद. ‘द आर्गस’ आणि ‘द एज’ ही सकाळची दैनिकं, ‘सन न्यूज-पिक्टोरियल’, संध्याकाळचं ‘हेरल्ड’, आणि गुलाबी कागदावर छापलं जाणारं ‘स्पोर्टिंग ग्लोब’. त्याशिवाय मैदानाच्या दारात विकलं जाणारं ‘फुटबॉल रेकॉर्ड’ : दोन्ही संघांची नावं, जर्सीचे क्रमांक, गुणतक्ता आणि सामना चालू असताना पेन्सिलीनं गुण भरत जाण्यासाठी सोडलेली जागा. ‘आर्गस’ १९५७मध्ये बंद पडलं, पण त्याचे अंक ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात आज कुणालाही वाचता येतात.

या कागदांची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. लीगमधल्या प्रत्येक खेळाडूच्या किक, मार्क आणि हँडबॉल (मुठीनं मारून दिलेला चेंडू) यांचे सलग आकडे मिळतात ते १९६५पासूनचे. १९४९मध्ये कुणी किती गोल केले ते दर आठवड्याला छापलं जाई आणि लीगच्या नोंदींतही गेलं; कुणी किती मारून चुकवले, हे त्याच काटेकोरपणे सगळ्यांसाठी लिहून ठेवलेलं नाही. यश मोजणारी वही आहे, चुका मोजणारी नाही. गोल करणाऱ्या खेळाडूबद्दल लिहिताना ही गोष्ट नजरेआड केली, तर आपण नकळत त्याच्या बाजूनं झुकतो.

छायाचित्रांचंही तसंच. या खेळात पायानं मारलेला चेंडू हवेत झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणाऱ्याला समोरच्यांच्या धक्काबुक्कीशिवाय निवांत किक मारायला मिळते. कोलमन झेलासाठी उडी घेई ती समोरच्या बचावपटूच्या मागून, त्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून. लांब बाह्यांची जर्सी, पाठीवर १० क्रमांक, गुडघे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांच्या उंचीला, आणि दोन्ही हात डोक्यावर चेंडूभोवती मिटलेले : अशी त्याची चित्रं पुष्कळ छापली गेली. ती खरी आहेत. पण निसटलेल्या झेलाचा फोटो संपादक पहिल्या पानावर घेत नाही. म्हणून चित्रांवरून तो *कसा* उडत असे ते नक्की कळतं. किती वेळा यशस्वी होई, ते कळत नाही.

कोलमनचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८चा, व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पोर्ट फेअरी गावातला. पुढे कुटुंब मेलबर्नच्या आग्नेयेला, वेस्टर्न पोर्ट खाडीवरच्या हेस्टिंग्जला राहिलं. तिथल्या संघाकडून मॉर्निंग्टन द्वीपकल्पाच्या लीगमध्ये खेळताना १९४८च्या एका मोसमात त्यानं १६० गोल केले. सोरेंटोविरुद्धच्या एका सामन्यात २३. त्याआधी तो एसेंडनच्या सरावाला येऊन गेला होता, पण पुन्हा हेस्टिंग्जकडूनच खेळत राहिला.

हे १६० गोल शहरातल्या लोकांनी फार मनावर घेतले नसावेत, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. गावच्या जत्रेत फड जिंकणाऱ्या मल्लाबद्दल शहरातल्या तालमीत जी शंका असते, तीच इथं होती : समोर कोण होतं? शिवाय त्या काळात खेळाडूंची वाट उलट्या दिशेनंही चालत असे. १९३०पासून लीगमध्ये ‘कूल्टर कायदा’ होता. खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांहून जास्त देता येऊ नयेत, असा त्याचा मूळ नियम. गावच्या क्लबांना असं बंधन नव्हतं. मेलबर्नचा गोलवीर फ्रेड फॅनिंग यानं १९४७च्या साखळीतल्या शेवटच्या सामन्यात सेंट किल्डाविरुद्ध १८ गोल केले. तो विक्रम आजही मोडलेला नाही. पण त्यानंतर तो लीग सोडून पश्चिम व्हिक्टोरियातल्या हॅमिल्टनला गेला, कारण तिथं मिळणारा पैसा कितीतरी जास्त होता. लीगचा सगळ्यात मोठा गोलवीर गावाकडे निघून गेला आणि दीड वर्षानं एका गावातून दुसरा आला. दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्राच्या फायलीत वाचताना या अदलाबदलीचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

१६ एप्रिल १९४९, ईस्टरचा शनिवार. एसेंडनचं घरचं मैदान विंडी हिल, समोर हॉथॉर्न. कोलमननं पहिल्याच सामन्यात १२ गोल केले. लीगमध्ये पदार्पण करताना इतके गोल त्याआधी कुणी केले नव्हते आणि नंतरही कुणाला जमलेले नाहीत.

इथं थोडं थांबून पाहू. समर्थकांच्या आठवणींत हा दिवस चमत्कारासारखा येतो. पण गुणतक्ता समोर ठेवला तर दिसतं की हॉथॉर्न त्या मोसमात सगळ्यात तळाला राहिलं. त्या क्लबला लीगच्या अंतिम चार संघांत पोचायला १९५७ उजाडावं लागलं. म्हणजे १२ गोल केले ते बारा संघांतल्या सगळ्यात दुबळ्या संघाविरुद्ध. त्या संध्याकाळी घरी जाताना एखाद्या जुन्या प्रेक्षकानं ‘हॉथॉर्नविरुद्ध कुणीही मारेल’ असं म्हटलं असेल, तर ते अगदी वावगं नव्हतं. अर्थात दर वर्षी कुणी ना कुणी तळाला असतंच, आणि त्यांच्याविरुद्ध दर वर्षी कितीतरी नवी मुलं पहिला सामना खेळतात. बारा गोल मात्र एकानंच केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एप्रिलपुरतं मत राखून ठेवणं हाच शहाणपणा होता.

या मोसमातला मला सगळ्यात बोलका वाटणारा पुरावा कोलमनबद्दलचा नाहीच. तो आहे बिल ब्रिटिंगहॅम या खेळाडूबद्दलचा.

वर्तमानपत्रं सामन्याच्या आदल्या दिवशी संघ छापत ते ओळींत : आधी बचावफळी, मग अर्धबचाव, मधली फळी, अर्धआक्रमण, शेवटी आक्रमण, आणि वेगळे रक म्हणजे चेंडूमागे सगळीकडे धावणारे. प्रत्येक ओळीत तीन नावं. बचावाच्या ओळीतलं मधलं नाव म्हणजे फुल-बॅक, स्वतःच्या गोलसमोरचा शेवटचा माणूस. आक्रमणाच्या ओळीतलं मधलं नाव म्हणजे फुल-फॉरवर्ड, समोरच्या गोलसमोर उभा राहणारा. ब्रिटिंगहॅम हा एसेंडनचा फुल-फॉरवर्ड. १९४६मध्ये त्यानं ६६ गोल करून साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि त्याच वर्षी एसेंडननं अजिंक्यपद जिंकलं. १९४९च्या याद्यांत हेच नाव शेवटच्या ओळीतून उठून पहिल्या ओळीत जाऊन बसलेलं दिसतं. अठरा जणांच्या यादीत एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला गेला, आणि त्याच्या जागेवर कोलमनचं नाव आलं. १९४९ आणि १९५० या दोन्ही अजिंक्यपदांत ब्रिटिंगहॅम फुल-बॅक म्हणून खेळला.

असा निर्णय लेखी मतापेक्षा भारी पुरावा असतो. संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक एकच होता : डिक रेनॉल्ड्स. १९३४, १९३७ आणि १९३८ असं तीनदा ब्राउनलो पदक मिळवलेला, एसेंडन उपनगरात देवासारखा मानला जाणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला त्यानं त्याच्या जागेवरून हलवलं आणि ती जागा वीस वर्षांच्या नवख्याला दिली. वर्तमानपत्रातला बातमीदार चुकला तर दुसऱ्या दिवशी नवी बातमी लिहितो. प्रशिक्षक चुकला तर त्याला पुढच्या शनिवारी त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून रेनॉल्ड्सनं केलेलं कोलमनचं मोजमाप मी सगळ्यात वरचं मानतो. आणि ब्रिटिंगहॅमबद्दल आदर वाटतो तो वेगळाच. गोल करणाऱ्याला टाळ्या मिळतात. स्वतःच्या गोलसमोर उभं राहून दुसऱ्यांचे गोल थोपवणाऱ्याचं नाव सोमवारच्या गोलांच्या यादीत येतच नाही. कोलमनच्या मोसमाचा हिशेब करताना समर्थकांनी या माणसाचं श्रेय विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोसम पुढे सरकत गेला तसा शंभरचा आकडा दिसू लागला. हा आकडा लीगमध्ये दुर्मीळ होता. कॉलिंगवुडच्या गॉर्डन कोव्हेंट्रीनं १९२९मध्ये तो पहिल्यांदा गाठला, १२४ गोल. त्यानंतर साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटनं १९३४मध्ये १५०. १९३०च्या दशकाच्या शेवटी कॉलिंगवुडचाच रॉन टॉड सलग दोन वर्षं १२०च्या घरात. रिचमंडच्या जॅक टायटसनं १९४०मध्ये नेमके १००. मग युद्ध आलं, खेळाडू सैन्यात गेले, आणि पुढची आठ वर्षं कुणीही शंभरला पोचलं नाही. फॅनिंगचे १९४७चे ९७ सगळ्यात जवळचे. तेव्हा १९४९च्या हिवाळ्यात जे लोक कोलमनचे गोल मोजत होते, त्यांच्यातल्या तरुण पोरांनी शंभर गोल करणारा खेळाडू कधी पाहिलेलाच नव्हता. टायटसच्या वेळी ती शाळेत होती.

त्याच काळात एसेंडनची गाडी मात्र फार सुरळीत नव्हती. साखळी संपली तेव्हा नॉर्थ मेलबर्न पहिल्या क्रमांकावर होतं आणि एसेंडन चौथ्या. अंतिम फेऱ्यांत फक्त पहिले चार संघ जात, आणि चौथ्याला तिन्ही सामने जिंकावे लागत, एक हरला की घरी. म्हणजे साखळीपुरतं बोलायचं तर कोलमनच्या गोलांनी संघाला अव्वल केलं नव्हतं. त्यावरून एक रास्त प्रश्न उभा राहतो : संघ एकाच माणसाकडे चेंडू देत सुटला होता का? बाकीचे गोल करणारे मागे पडले का? १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत एसेंडन सहाही अंतिम सामन्यांत खेळलं. त्यातले पहिले तीन कोलमन येण्याआधीचे. बिल हचिसनसारखा चेंडू पुरवणारा खेळाडू आधीपासून होता. सोन्याची खाण आधीच होती आणि कोलमननं फक्त फावडं मारलं, असं कुणी म्हटलं तर त्याला निव्वळ गोलसंख्येवरून उत्तर देता येत नाही.

उत्तर द्यायचं असेल तर अंतिम सामन्याकडे जावं लागतं.

पहिल्या फेरीत कॉलिंगवुडला आणि दुसऱ्या फेरीत नॉर्थ मेलबर्नला हरवून एसेंडन २४ सप्टेंबर १९४९ला अंतिम सामन्यात उतरलं. समोर कार्लटन, दोन वर्षांपूर्वी एका गुणानं हरवणारं. मैदान तेच, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. (मराठी वाचकाला ते क्रिकेटमुळे ओळखीचं आहे. १९४८च्या जानेवारी-फेब्रुवारीत लाला अमरनाथ यांच्या संघानं दोन कसोट्या तिथंच खेळल्या, आणि विजय हजारे आणि दत्तू फडकर त्या संघात होते.) प्रेक्षकांची नोंद ८८,७१८ अशी आहे. कोलमनच्या नावावर त्या सकाळी ९४ गोल होते. शंभरला सहा हवे होते.

एसेंडन १८.१७ (१२५), कार्लटन ६.१६ (५२). ७३ गुणांचा फरक, तोवरच्या अंतिम सामन्यांतला सगळ्यात मोठा. आधीचा विक्रम ६३ गुणांचा होता आणि तोही एसेंडनचाच, १९४६चा. कोलमननं सहा गोल केले. सहावा, म्हणजे शंभरावा, शेवटच्या सत्रात, सामना कधीच संपल्यात जमा असताना. पहिल्याच मोसमात शंभर, आणि तेही अजिंक्यपदाच्या दिवशी पुरे.

आता वजाबाकी करून पाहू. कोलमनचे सहा गोल काढून टाकले तर एसेंडनचे १२.१७ म्हणजे ८९ गुण उरतात. कार्लटनचे ५२. म्हणजे ते सहा गोल झालेच नसते तरी एसेंडन ३७ गुणांनी जिंकलं असतं. ‘कोलमननं कप आणला’ असं जे पुढे सर्रास बोललं गेलं, ते या कागदावर शब्दशः टिकत नाही.

पण त्याच कागदावर आणखी एक गोष्ट आहे. १९४८च्या बरोबरीच्या सामन्यात एसेंडननं चेंडू खांबांपर्यंत नेला ३४ वेळा. १९४९च्या अंतिम सामन्यात ३५ वेळा. जवळजवळ तेवढ्याच वेळा! संघ त्याच ताकदीनं खेळत होता, चेंडू तितक्याच वेळा पुढे जात होता. एका वर्षी त्यातून ६९ गुण निघाले, पुढच्या वर्षी १२५. आदल्या दोन वर्षांतल्या त्या दोन अंतिम सामन्यांत मिळून १८ गोल झाले होते. आता एकाच दुपारी १८.

यातला कोलमनचा वाटा सहा गोलांचा. उरलेल्या सतरा जणांनी १२ गोल केले. कोलमनचा एकही नेम चुकला नाही असं धरलं, म्हणजे सगळे १७ बिहाइंड इतरांच्याच पदरात टाकले, तरी इतरांनी २९ संधींत १२ गोल केले. शंभरात एकेचाळीस. कोलमननं स्वतः काही चुकवले असतील तर इतरांचं प्रमाण याहूनही चांगलं ठरतं. १९४८मध्ये साऱ्या संघाचं प्रमाण शंभरात एकवीससुद्धा नव्हतं. म्हणजे कोलमन आल्यावर *इतरांचा* नेम दुपटीनं सुधारलेला दिसतो.

याचा अर्थ लावताना हात जपून ठेवायला हवा. एका दिवसाचा वारा वेगळा असतो, गवत ओलं असतं, समोरचा बचाव ढिला पडतो. दोन सामन्यांवरून नियम काढता येत नाही. तरी मला यातून दिसतं ते असं. गोलसमोर असा एक माणूस उभा असला की समोरच्या संघाला दोन-दोन, तीन-तीन बचावपटू त्याच्याभोवती ठेवावे लागतात. बाकीच्या आक्रमकांना मोकळी जागा मिळते आणि ते जवळून, समोरून, घाई न करता मारू शकतात. १९४८मध्ये जे २७ चेंडू बाजूच्या फटींतून गेले, त्यातले पुष्कळ धावता धावता, तिरप्या कोनातून, दबावाखाली मारलेले असणार. रेनॉल्ड्सनं ब्रिटिंगहॅमला मागे नेलं तेव्हा त्यानं बचाव आणि आक्रमण एकाच फटक्यात बदललं. कोलमनचं खरं मोल मी त्याच्या सहा गोलांपेक्षा त्या बाकीच्या बारांत शोधतो. ज्या लोकांनी दोन वर्षं उभ्या उभ्या ४६ बिहाइंड मोजले होते, त्यांना हे आकडेमोडीशिवायच कळलं असेल.

मोसमाचा निवाडा करणारे आणखी तिघे होते आणि त्यांचे निकाल निराळे आहेत. ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर दिलं जातं. प्रत्येक सामन्यात पंच तीन खेळाडूंना तीन, दोन आणि एक मत देतो. १९४९मध्ये साउथ मेलबर्नचा रॉन क्लेग आणि हॉथॉर्नचा कॉलिन ऑस्टिन यांची मतं सारखी झाली. तेव्हाच्या नियमानं पदक क्लेगला मिळालं, आणि ऑस्टिनला ते चाळीस वर्षांनी, १९८९मध्ये, मागील तारखेनं देण्यात आलं. शंभर गोल करणारा कोलमन त्यात नव्हता. त्याला फार महत्त्व देऊ नये : पंच चेंडूच्या मागे मैदानभर धावतो आणि त्याच्या डोळ्यांत भरतात ते त्याच्यासारखेच सगळीकडे असणारे खेळाडू. गोलसमोर उभा राहणाऱ्याला पंचांनी कायम हात आखडता घेऊनच मतं दिली आहेत. दुसरा निवाडा क्लबचा. एसेंडनचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोलमनची निवड झाली. आदल्या वर्षी तो मान हचिसनला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा हचिसनलाच गेला. दोन हचिसनांच्या मध्ये एक कोलमन. जे लोक रोज सराव पाहत होते, दुखापती जाणत होते, चेंडू कोण पुरवतो हेही जाणत होते, त्यांनी हा निर्णय दिला. पंचांपेक्षा मी त्यांच्या बाजूनं आहे.

तिसरा निवाडा कुंपणापलीकडच्या लोकांचा. सत्र संपलं की संघ बाजू बदलत. कोलमन ज्या गोलकडे मारणार, त्या टोकाला प्रेक्षकांचे घोळके चालत जात, असं पुढच्या काळात अनेकांनी सांगितलंय. अशा आठवणींतून मी संख्या काढत नाही. तीस-चाळीस वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत १९४९ आणि १९५२ एकमेकांत मिसळलेली असतात. पण सामान्य माणूस, तिकीट काढून आलेला, हातात ‘रेकॉर्ड’ आणि पेन्सिल, आपली मोक्याची जागा सोडून मैदानाला अर्धी फेरी मारून पलीकडे जातो, तेव्हा त्याचं मत काय होतं हे विचारावं लागत नाही.

आणखी एक कागद इथं नोंदवायला हवा. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिलं जाणारं पदक १९८१पासून कोलमनच्या नावानं ओळखलं जातं. त्याचा नियम असा की गोल धरायचे ते फक्त साखळी सामन्यांतले. अंतिम फेऱ्यांतले नाहीत. त्यामुळे या मोजणीत १९४९समोर खुद्द कोलमनची संख्या शंभराहून कमी पडते. कॉलिंगवुड, नॉर्थ मेलबर्न आणि कार्लटन यांच्याविरुद्धचे, म्हणजे त्या वर्षातले सगळ्यात मोलाचे गोल तिच्यात येत नाहीत. फक्त ती यादी पाहून १९४९बद्दल मत बनवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

पहिल्या मोसमाचं मोजमाप पुढच्या मोसमांशिवाय पुरं होत नाही. एक वर्ष चमकून विझलेले खेळाडू सगळ्याच खेळांत असतात, आणि १९४९च्या सप्टेंबरात कोलमन त्यातला नाही असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. १९५०मध्ये त्यानं १२० गोल केले. एसेंडननं अंतिम सामन्यात नॉर्थ मेलबर्नला ३८ गुणांनी हरवून अजिंक्यपद राखलं. शंका तिथंच संपली.

१९५१मध्ये तर एक प्रयोगच घडून आला, कुणाची इच्छा नसताना. साखळीच्या शेवटच्या सामन्यात कार्लटनच्या हॅरी कॅस्परशी कोलमनची मारामारी झाली. लीगच्या न्यायाधिकरणानं दोघांनाही चार-चार सामन्यांची बंदी घातली. कोलमन अंतिम फेऱ्यांना मुकला. पूर्ण मोसम त्याच्यासोबत खेळलेला संघ अंतिम सामन्यात त्याच्याविना उतरला आणि जिलाँगकडून ११ गुणांनी हरला : ८१ विरुद्ध ७०. ११ गुण म्हणजे दोन गोलांहूनही कमी. ‘कोलमन असता तर’ हे वाक्य एसेंडनमध्ये पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं, आणि त्यामागचं दुःख मला पूर्ण समजतं. तो कप त्यांचा होता असं मात्र कागदावरून सिद्ध होत नाही; जिलाँग त्या वर्षी उत्तम संघ होता आणि कोलमन असता तर सामना पहिल्या मिनिटापासून वेगळाच खेळला गेला असता. एवढंच म्हणता येतं की त्याचं असणं आणि नसणं यांतला फरक समर्थकांनी त्या दिवशी स्वतः अनुभवला.

१९५४मध्ये फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल केल्यानंतरच्या पुढच्याच सामन्यात, नॉर्थ मेलबर्नविरुद्ध, त्याचा गुडघा निखळला. तो पुन्हा खेळू शकला नाही. वय २५. ९८ सामने, ५३७ गोल, सामन्यामागे जवळजवळ साडेपाच. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं एसेंडनला १९६२ आणि १९६५ची अजिंक्यपदं मिळवून दिली. १९७३च्या एप्रिलमध्ये, ४४व्या वर्षी, तो गेला. १९९६मध्ये निवडलेल्या शतकाच्या सर्वोत्तम संघात फुल-फॉरवर्डची जागा त्याला देण्यात आली. पदार्पणाच्या मोसमात शंभर गोल करणारा दुसरा खेळाडू लीगला अजून मिळालेला नाही.